पुढील पॅकेजे काढली जातील

ज्या वाचनालयाचा मी मानद चिटणीस आहे, त्याच्या कार्यालयातील संगणकावर डेबियन ही मुक्त प्रणाली चालते, आणि यात माझ्या तत्त्वनिष्ठेचा वाटा थोडा व वाचनालयाच्या शिलकीचा वाटा मोठा आहे. अमळनेरसारख्या गावात वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने प्रणालीचे परवाने विकत घ्यायचे ठरवले, तर दिवाळी अंकांच्या खरेदीला कात्री लागेल, आणि दिवाळी अंक आले नाहीत तर सभासद प्रणालीऐवजी चिटणीसच बदलतील. तेव्हा बाराव्या आवृत्तीवरून तेराव्या आवृत्तीवर जाण्याचे काम माझ्याकडेच येणार, हे विधिलिखित होते.

'ट्रिक्सी' या नावाची ही तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. (डेबियनच्या आवृत्त्यांना एका अ‍ॅनिमेशनपटातील खेळण्यांची नावे देण्याची प्रथा आहे, कार्यकारिणीच्या इतिवृत्तात मी ही माहिती मुद्दाम घातली नाही.) या आवृत्तीत एकूण ६९,८३० पॅकेजे, म्हणजे एकेका कामाच्या आज्ञावलीची सुटी गाठोडी, आहेत, त्यांपैकी १४,१०० हून अधिक नवी आहेत, ४४,३२६ सुधारलेली आहेत आणि ८,८४० हून अधिक जुनी पॅकेजे कालबाह्य ठरवून वगळलेली आहेत, असे निवेदन मी सभेपुढे ठेवले. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे त्यांनी चारही आकडे शांतपणे ऐकून शेवटच्यावर बोट ठेवले. "चिटणीस, वगळली म्हणता, पण निर्लेखनाचा ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिले?" वाचनालयातून एक फाटके पंचांग काढायचे तरी ज्यांना दाखल क्रमांकासह यादी लागते, त्यांना आठ हजारांहून अधिक वस्तू परस्पर वगळल्याचे पटवून देणे सोपे नव्हते.

वास्तविक ही यादी आधी दाखवण्याच्या बाबतीत संगणक अध्यक्षांपेक्षाही काटेकोर असतो. कोणती पॅकेजे नव्याने येतील, कोणती सुधारतील, कोणती काढली जातील आणि डिस्कवर किती जागा लागेल, हे सर्व तो कामाला हात घालण्यापूर्वी सांगतो व मग हो किंवा नाही एवढेच विचारतो. अडचण अशी की, यादी इतकी लांब असते की ती वाचण्याची इच्छा असणाऱ्या माणसाकडे वेळ नसतो आणि वेळ असणाऱ्या माणसाकडे, म्हणजे आमच्या शिपाई नानांकडे, इच्छा नसते.

पॅकेजांचे परस्परसंबंध समजावून सांगताना मला शेवटी आपल्याकडच्या लग्नाचाच आधार घ्यावा लागला. काही पॅकेजे मामासारखी असतात, त्यांच्याशिवाय अंतरपाटच धरला जात नाही. काहींना आग्रहाचे आमंत्रण असते आणि ती न सांगताही येऊन बसतात. काहींना केवळ रीत म्हणून पत्रिका जाते, ती आली नाहीत तरी कोणी विचारत नाही. खरा घोळ भाऊबंदांचा. तो मांडवात असेल तर मी पायरी चढणार नाही, असे स्वतःच्या माहितीपत्रकात लेखी नमूद केलेली पॅकेजे असतात, आणि एखाद्या नव्या पॅकेजाला बसवायचे म्हणून त्याचा वैरी, वैऱ्यावर विसंबलेले त्याचे साडू आणि साडवांच्या भरवशावर आलेली पोरेबाळे अशी पंगतच्या पंगत उठवावी लागते. म्हणूनच आधी कोणालाही न उठवता व कोणालाही नव्याने न बोलावता जेवढे सुधारता येईल तेवढे सुधारावे आणि उठवाउठवीचा संपूर्ण टप्पा नंतर करावा, असे अधिकृत टिपणांत सांगितलेले आहे, आणि मी ते तंतोतंत पाळले.

दुसऱ्या टप्प्याची यादी पाहून मात्र माझ्या हाताला घाम सुटला, कारण काढल्या जाणाऱ्यांमध्ये 'लिबकप्स२' होते, आणि छपाईची सारी व्यवस्था ज्यावर उभी आहे ते हेच. वर्गणीच्या पावत्या आता हाताने लिहाव्या लागणार, असे वाटत असतानाच नव्याने येणाऱ्यांच्या यादीत 'लिबकप्स२टी६४' दिसले. तीच वस्तू, तेच काम, नावाला फक्त शेपूट. या शेपटाचे कारण मोठे मनोरंजक आहे. जुन्या ३२ बिटी (म्हणजे एका आकड्याला बत्तीसच घरे देणाऱ्या) यंत्रांतील घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते आणि त्याची मोजण्याची क्षमता १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. पुढच्या सेकंदाला ते यंत्र डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन बसेल. ते टाळण्यासाठी वेळेचा आकडा ६४ बिटी केला गेला आणि त्यामुळे ज्यांची अंतर्गत बांधणी बदलली, त्या शेकडो पॅकेजांची नावेही बदलली. आमचे यंत्र आधीपासूनच ६४ बिटी असल्यामुळे त्याला ही व्याधी नव्हतीच, पण सर्व प्रकारच्या यंत्रांसाठी पॅकेजे एकाच मूळ सांकेतिक मजकुरातून बनत असल्याने नामांतर आमच्याही वाट्याला आले. अध्यक्षांना मी हे सांगितले, तेव्हा १९०१ मध्ये जाण्याची कल्पना त्यांना फारशी वाईट वाटली नसल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

मी होकार दिला आणि काम सुरू झाले. बऱ्याच वेळाने ओळी सरकायच्या थांबल्या. "भाऊ, हाई कव्हय व्हई?" असे नानांनी विचारले, तेव्हा संगणक आमचीच वाट पाहत होता. छपाईच्या मांडणीच्या (म्हणजे सेटिंगच्या) फाइलीत आम्ही पूर्वी बदल केलेला आहे आणि पॅकेजकर्त्यानेही नवी फाइल पाठवली आहे, तर कोणती ठेवू, असा त्याचा प्रश्न होता. 'वाय' म्हणजे नवी, 'एन' म्हणजे जुनी, 'डी' म्हणजे दोहोंतील फरक दाखव. काहीच न सांगता एंटर दाबले तर जुनीच राहते. इतका संयमी प्रश्न सरकारी अर्जातही विचारलेला मी पाहिलेला नाही. मी फरक पाहून जुनी ठेवली, आणि त्याच सुमारास वीज गेली.

ऑक्टोबरमधील खान्देशी दुपार काय असते, हे बाहेरच्यांना सांगून समजणार नाही. इन्व्हर्टरवर संगणक अधिक काळ टिकावा म्हणून पंखा बंद करण्यात आला, आणि संस्थेच्या कामासाठी घाम गाळणे हा वाक्प्रचार इतक्या शब्दशः पाळणारी कार्यकारिणी दुसरी नसावी. तरीही बॅटरीने मान टाकलीच. वीज परत आल्यावर कळले की, प्रत्येक पॅकेज उलगडले आहे, अर्धवट जुळवले आहे की पूर्ण बसले आहे, याची नोंद यंत्र ठेवत असते. मागील काम अपुरे राहिले आहे, अमुक आज्ञा देऊन ते पूर्ण करा, असे त्यानेच सुचवले. मी आज्ञा दिली आणि त्याने उरलेल्यांची जुळवाजुळव सुरू केली.

सर्वांत कठीण प्रसंग सभासदांच्या नोंदींचा होता. त्या पोस्टग्रेस या विदागारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, असतात. नव्या आवृत्तीबरोबर १७ क्रमांकाचे पोस्टग्रेस येते, पण १५ क्रमांकाचे आपणहून जात नाही; दोन्ही शेजारी शेजारी चालत राहतात, जुन्यात सगळे सभासद आणि नव्यात कोणीही नाही. जुन्यातील माल नव्यात हलवण्याआधी नव्याने तयार झालेले ते रिकामे कोठार पुसून टाकावे लागते, आणि ते पुसताना आवृत्तीचा क्रमांक स्वतःच्या बोटाने टंकावा लागतो. सतराच्या जागी पंधरा लिहिले तर वाचनालयाचे सर्व आजीव सभासद एका ओळीत निकालात निघतील! नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी माझ्या घरी आणि तिसरी, अध्यक्षांच्या आग्रहाखातर, कागदावर छापून कपाटात होती, तरी एंटर दाबण्यापूर्वी मी तो आकडा नानांकडून मोठ्याने वाचून घेतला.

राहता राहिला प्रिंटर. त्याच्या कंपनीने तो चालवणारे स्वतःचे एक पॅकेज कधीकाळी बनवले आणि त्यानंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. उठवाउठवीत ते गेले. गंमत म्हणजे, नव्या प्रणालीने त्या पॅकेजाशिवायच प्रिंटर ओळखला आणि पहिली पावती पूर्वीपेक्षा ठळक छापली. गेलेल्या पॅकेजाची मांडणीची फाइल तेवढी मागे उरली होती, कारण पॅकेज काढले तरी अशा फाइली निराळा हुकूम दिल्याशिवाय जात नाहीत. तो हुकूम देण्यापूर्वी मी रीतसर निर्लेखनाची यादी सभेपुढे ठेवली. अध्यक्षांनी ती दोनदा वाचली आणि समासात शेरा लिहिला: 'तूर्त ठेवावी. कंपनीचा माणूस आल्यास दाखवता येईल.'