फ्रेडी मर्क्युरीच्या तारखा: फिरत्या पोस्टमधलं खरं किती?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याबद्दल बरीच वर्षं एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: मुंबईत जन्मलेला पारशी मुलगा पाचगणीत शिकला आणि तिथून थेट लंडनला गेला, पुढे एकट्याच्या अल्बमपायी त्याने बँड फोडला, एड्स झाल्याचं कळल्यावर सगळ्यांना परत एकत्र आणलं आणि 13 जुलै 1985 ला ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत अखेरचं गाऊन निरोप घेतला. यातलं पारशी असणं खरं, पाचगणी खरी, लाइव्ह एडची तारीखही खरी. बाकीचं जुळत नाही.

जन्म मुंबईतला नाही. फारोख बुलसारा (हे फ्रेडीचं मूळ नाव) 5 सप्टेंबर 1946 ला पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर, स्टोन टाउनमध्ये जन्मला. आडनाव गुजरातच्या बुलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीला सेंट पीटर्स या निवासी शाळेत ठेवलं. 1958 च्या सुमारास तिथल्या पोरांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला, त्यात तो पियानोवर होता. 1963 मध्ये तो झांझिबारला परतला आणि 1964 च्या क्रांतीनंतर कुटुंबाने लंडनजवळचं फेल्टम गाठलं. म्हणजे पाचगणी ते लंडन या वाटेत झांझिबार परत एकदा येतं, आणि ते गाळलं की घर सोडावं लागल्याची गोष्टच गळून पडते.

“बँड फुटला होता” हे तर साफ चूक. क्वीनचा ‘द वर्क्स’ हा अल्बम फेब्रुवारी 1984 मध्ये आला. त्याच वर्षी सुरू झालेला दौरा जानेवारी 1985 मध्ये रिओला, मग ऑस्ट्रेलिया-जपानला गेला आणि 15 मे 1985 ला ओसाकात संपला. तिथून लाइव्ह एड 59 दिवसांवर. ते त्यासाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर आले तेव्हा हात बसलेलेच होते. 21 मिनिटांत सहा गाणी, ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’चा फक्त सुरुवातीचा पियानोचा भाग, आणि मधे कुठे रेंगाळणं नाही. पुन्हा जमवाजमव करणाऱ्या बँडला हे इतकं घट्ट वाजवता येत नाही. एकट्याच्या अल्बमचं म्हणाल, तर फ्रेडीचा ‘मिस्टर बॅड गाय’ एप्रिल 1985 चा; ड्रमर रॉजर टेलरचा स्वतंत्र अल्बम त्याच्या चार वर्षं आधी, 1981 मध्येच आला होता. दोष एकट्या फ्रेडीवर टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आजाराची तारीख सगळ्यात जास्त चुकते. निदान 1987 च्या एप्रिलच्या अखेरीस झालं, असं त्याचा जोडीदार जिम हटनने लिहून ठेवलंय. म्हणजे लाइव्ह एडनंतर जवळपास पावणेदोन वर्षांनी. त्याच्यावरच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या 2018 च्या चित्रपटाने ते आधी आणलं, कारण कथेचा शेवट त्याच मैफलीवर करायचा होता. त्यामुळे त्या दिवसाच्या गाण्यात लोक मरणाची चाहूल शोधतात. तिथे ती नाही. तिथे आहे तो 38 वर्षांचा, गळा भरात असलेला गायक.

निरोपही तो नव्हता. त्याच रात्री तो क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याच्यासोबत पुन्हा मंचावर आला आणि आणखी एक गाणं गायला. क्वीनसोबतची त्याची शेवटची मैफल 9 ऑगस्ट 1986 ची, इंग्लंडमधल्या नेबवर्थची. प्रेक्षक लाखाच्या वर. फेब्रुवारी 1990 मध्ये ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या मंचावर तो लोकांना शेवटचा दिसला. एड्स असल्याचं निवेदन 23 नोव्हेंबर 1991 ला निघालं आणि दुसऱ्याच दिवशी, 45 व्या वर्षी, तो गेला.

अशा पोस्टसोबत येणारे फोटोही नीट बघा. बक्कलांचं पिवळं जाकीट आणि लाल पट्टीची पांढरी पँट असेल तर तो 1986 चा दौरा. लाइव्ह एडला अंगात पांढरी बनियन, फिकट जीन्स आणि दंडावर खिळ्यांचा पट्टा होता. मिशी 1980 मध्ये आली. म्हणून क्वीनचं ‘वी विल रॉक यू’ हे गाणं तयार होतानाचं म्हणून मिशीवालं दृश्य दाखवलं, तर समजा की तारीख चुकली: ते गाणं ऑक्टोबर 1977 चं आहे.