करारात ‘समजा’ लिहायला हरकत काय?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि विकासकाच्या वकिलांनी केलेला कराराचा मसुदा वडिलांनी मला लंडनला पाठवला. शंभरहून अधिक पानांचा तो मसुदा इंग्रजीत होता. सभासदांच्या सभेत त्यावरून जो वाद झाला तो मुंबईला नवा नाही: मराठी माणसाच्या घराचा करार मराठीत का नसावा? मागणी रास्त होती आणि महिन्याभरात ती मान्यही झाली. मराठी मसुद्यातले भाड्याचे कलम असे होते: ‘सदरहू सभासदास पर्यायी निवासाचे भाडे, दरवर्षी दहा टक्के वाढीसह, ताबा देईपर्यंत अदा करण्यात येईल.’ वडील फोनवर म्हणाले, “मराठी आहे हे खरं रे, पण तिसऱ्या वर्षी हातात किती येणार ते सांग.”

मला सांगता आले नाही. पहिल्या वर्षी महिना 40,000 आणि दुसऱ्या वर्षी 44,000, इथवर वाद नाही. तिसऱ्या वर्षी मात्र वाढ मूळ रकमेवर धरली तर 48,000 होतात आणि वाढलेल्या रकमेवर धरली तर 48,400. फरक महिन्याला चारशेचा असला, तरी 42 सभासदांचा वर्षाचा हिशेब दोन लाखांवर जातो. त्याहून अवघड शब्द ‘ताबा’ हा आहे. विकासक ताब्याचे पत्र देतो त्या दिवशी भाडे थांबायचे, की महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी, येईल त्या दिवशी? कलमाखाली एकच वाक्य हवे होते: ‘समजा, ताब्याचे पत्र 1 मार्चला मिळाले आणि भोगवटा प्रमाणपत्र 20 जूनला आले, तर भाडे 20 जूनपर्यंत देय राहील.’ हे वाक्य इंग्रजीत असते तरी वडिलांना कळले असते.

ही काही विलायतेहून शिकून आलेली टूम नव्हे. 1872 चा आपला करार कायदाच उदाहरणांनी भरलेला आहे. अनिश्चित करार रद्दबातल ठरतो, असे कलम 29 सांगते आणि लगेच दाखवून देते: ‘अ’ने ‘ब’ला शंभर टन तेल विकण्याचे कबूल केले, पण कोणते तेल हे कशावरूनच कळत नाही, म्हणून करार रद्दबातल, मात्र ‘अ’ फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर तो करार शंभर टन खोबरेल तेलाचाच. ज्या कायद्याखाली आपण सह्या करतो तो इतका बोलका आणि सह्या करायचे कागद मात्र इतके मुके, याचे मला नवल वाटते. आपल्या जुन्या खरेदीखतांत निदान चतुःसीमा तरी असत. पूर्वेला कोणाचे घर आणि पश्चिमेला कोणती वाट, हे वाचणाऱ्याला डोळ्यांपुढे आणता येई.

इकडे सगळे आलबेल आहे असेही नाही. दीर्घ भाडेपट्ट्याने घेतलेल्या घरासाठी जमीनमालकाला द्यायचे जमिनीचे भाडे दर दहा वर्षांनी दुप्पट होईल, अशी अट असलेली घरे इंग्लंडमध्ये अनेकांनी घेतली. अट साध्या इंग्रजीत होती. पण 250 पौंडांचे पन्नास वर्षांनी 8,000 पौंड होतात, हा तक्ता कागदावर नसेल तर घाईत सही करणारा मनात हिशेब मांडत नाही. अखेर 30 जून 2022 पासून बहुतेक नव्या दीर्घ भाडेपट्ट्यांवर असे भाडे आकारायला कायद्यानेच बंदी घालावी लागली. भाषा आपली असणे आणि अर्थ हाती लागणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्यातून उमगले.

विकासकाच्या वकिलांचा आक्षेप असा होता की उदाहरण आणि कलम यांत विसंगती निघाली, तर तंटा वाढेल. भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. ब्रिटनच्या 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याने नव्या संज्ञांसाठी उदाहरणांचे एक परिशिष्टच जोडले आणि सांगून टाकले, की ही उदाहरणे सर्वसमावेशक नाहीत आणि विरोध आल्यास कायद्यातील तरतूद वरचढ ठरेल. तेवढे एक वाक्य आमच्या करारातही बसेल, असे मी कमिटीला कळवले.

भाडेवाढीचा तीन वर्षांचा तक्ता आता मसुद्यात आला आहे आणि तिसऱ्या ओळीत 48,400 असा आकडा आहे. ताब्याच्या उदाहरणाला मात्र विकासक अजून तयार नाही. वडिलांनी त्या कलमापुढे पेन्सिलीने ‘समजा’ एवढेच लिहून ठेवले आहे आणि तोवर सही करणार नाही, असे सेक्रेटरींना सांगितले आहे.