टूथपेस्टने लेन्सचा ओरखडा जात नाही, कोटिंग जातं

"लेन्स साफ करायच्या ५ घरगुती ट्रिक्स, सर्व्हिस सेंटरला पैसे घालवू नका" असा कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दलचा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. एरवी मी असल्या मेसेजच्या वाटेला जात नाही, पण रविवारी भाचा ताडोब्याहून आला आणि त्यातली पहिलीच ट्रिक त्याने स्वतःच्या लेन्सवर करून बघितली. पहिल्या पगारातून घेतलेली सेकंडहँड ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे ती. त्यामुळे आता लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

ट्रिक १, ओरखड्यावर पांढरी टूथपेस्ट लावून कापसाने गोल गोल घासा. अहो, घरातल्या टूथपेस्टचं खोकं उलटं करून घटक तरी वाचा! कॅल्शियम कार्बोनेट नाहीतर सिलिका असं काहीतरी सापडेलच, आणि ते दातांवरचा थर घासून काढायलाच घातलेलं असतं. गाडीच्या हेडलाइटवर, सीडीवर हे चालतं कारण ते प्लास्टिक असतं, वरचा भाग थोडा झिजवून सपाट केला की काम होतं. लेन्सच्या काचेवर कोटिंग म्हणजे प्रकाश परत फिरू न देणारा पातळ थर असतो, लेन्स तिरपी धरल्यावर जांभळट-हिरवट झाक दिसते ना, ते. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि झूम लेन्समध्ये असे कितीतरी पृष्ठभाग एकामागे एक असतात, म्हणून तर झाइस या लेन्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली हे कोटिंग शोधून काढलं. मॅग्नेशियम फ्लोराइडचा साधा एक थर धरला तर जाडी सुमारे १०० नॅनोमीटर, डोक्यावरचा केस याच्या शेकडो पट जाड असतो. एवढ्याशा थरावर पेस्ट घासायची? ओरखडा काचेत खोल गेलेला असतो, तो तिथेच राहतो, आजूबाजूचं कोटिंग तेवढं निघून जातं. भाच्याच्या लेन्सवर आता मधोमध रुपयाएवढा फिका डाग आहे आणि उन्हाकडे तोंड करून फोटो काढला की सगळं पांढुरकं येतंय.

वाईट याचं वाटतं की मूळ ओरखडा केसाएवढा होता. पुढच्या काचेवरचा तेवढा ओरखडा फोटोत बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण तो फोकसच्या बाहेर असतो. काही न करता त्याचं चाललं असतं.

ट्रिक २, तोंडाची वाफ सोडून टी-शर्टने पुसा. उन्हाळ्यात उघड्या जिप्सीत दोन तास फिरल्यावर लेन्सवर जी धूळ बसते तिच्यात वाळूचे बारीक कण असतात, क्वार्ट्झ, काचेपेक्षा कठीण. ती न उडवता कापड फिरवलं की तोच पॉलिश पेपर. वाफेचं म्हणाल तर ते अगदीच चूक नाही हे मान्य करतो, धूळ आधी ब्लोअरने (हाताने दाबून हवा मारायचा रबरी फुगा) उडवली असेल आणि मायक्रोफायबरचं कापड स्वच्छ असेल तर मीही कधीमधी करतो. फुंकर मात्र मारू नका, थुंकीचे थेंब उडतात आणि मग ते पुसत बसावं लागतं.

ट्रिक ३ म्हणजे सॅनिटायझर किंवा नेलपेंट रिमूव्हर. यातही अर्धं खरं आहे, अल्कोहोल चालतं. निकॉनच्या लेन्सबरोबर येणारं मॅन्युअल काढून बघा, बोटांचे डाग असतील तर थोडं इथेनॉल किंवा लेन्स क्लीनर मऊ कापडाला लावून मधून बाहेर गोल पुसा असं लिहिलंय, आणि थिनर, बेंझिन कधीच नको असंही. सॅनिटायझरमध्ये नुसतं अल्कोहोल नसतं, ग्लिसरीन असतं, जेल घट्ट करायचे पदार्थ असतात, त्यांचा चिकट थर मागे राहतो. रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा ॲसिटोन असतं, ते लेन्सच्या प्लास्टिकला आणि रंगाला खातं.

ट्रिक ४, दमट लेन्स तांदळात पुरा. तांदळाची पिठी झूमच्या फटीत जाते, सिलिका जेलच्या पुड्या स्वस्त मिळतात त्या वापरा, विषय संपला.

ट्रिक ५, रोज रात्री न चुकता लेन्स पुसा. कशाला? त्याच मॅन्युअलमध्ये म्हटलंय की काचेवरची धूळ काढली की एरवी तेवढं पुरतं. जंगलात हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं नळकांडं, लावून ठेवा, गाडी चालू असताना कॅमेऱ्यावर कापडी पिशवी टाका, जिप्सीत बसून लेन्स बदलू नका, आणि रूमवर आल्यावर लेन्सचं तोंड खाली धरून ब्लोअर मारा. कापड जमिनीवर पडलं असेल तर धुतल्याशिवाय काचेला लावू नका.

भाच्याच्या लेन्सची पुढची काच बदलून मिळते का ते विचारायला उद्या आम्ही दोघं जातोय.