‘नुसती खूण’ म्हणणाऱ्या सरांना

सर, “एन्झाइम वाढणं ही जठराच्या कॅन्सरची नुसती खूण आहे, पसरण्याचं कारण नव्हे, लातूरच्या ट्यूशनछाप विज्ञानानं लोकांना घाबरवू नका,” असं तुम्ही एन्झाइममुळे जठराचा कॅन्सर कसा पसरतो यावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. लेख लांबला, आकृत्या नाहीत, हेही ऐकवलंत.

यात लातूर कुठून आलं? हेच पुण्याहून कुणी लिहिलं असतं, तर ‘छान माहिती’ म्हणून खपून गेलं असतं. माझी उमेदीची वर्षं इथल्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइडी बघण्यात गेली आहेत, ट्यूशन घेण्यात नाही.

एमएमपी-९, म्हणजे कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन तोडणाऱ्या एमएमपी घराण्यातलं एक एन्झाइम, प्रत्येक रुग्णात वाढलेलं दिसत नाही, एवढं मान्य. पण ‘नुसती खूण’? जठराच्या अस्तराखाली एक पातळ पटल असतं, त्यात टाइप-४ कोलॅजनची जाळी. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ नेमकी तीच कापतात. ती तुटल्याशिवाय गाठीतली पेशी रक्तवाहिनीपर्यंत जायची कशी? या घराण्यातलं पहिलं एन्झाइम १९६२ साली बेडकाच्या पिल्लाच्या झडत्या शेपटीत सापडलं. कोलॅजन तोडणं हे शरीराचं नेहमीचंच काम. गाठ तेच स्वतःसाठी करवून घेते, शेजारच्या चांगल्या पेशींनाही एन्झाइम सोडायला लावते.

मॅरिमास्टॅटचं अपयश तुम्ही पुढे कराल, ठाऊक आहे. ते औषध चांगली-वाईट सगळीच एमएमपी रोखायचं, सांधे धरायचे, आणि दिलं गेलं ते आजार हाताबाहेर गेलेल्यांना. त्यावरून कारणच नाही, असं कसं ठरतं? उलट हर-२ बघा. तेही एन्झाइमचं काम करणारं प्रथिन. ते जास्त असलेल्या, आजार पुढे गेलेल्या रुग्णांना केमोसोबत हर-२ ला रोखणारं ट्रास्टुझुमॅब दिलं, तेव्हा निम्मे रुग्ण जितकं जगतात तो काळ ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेला. हे २०१० साली छापून आलंय. खुणेवर औषध देऊन आयुष्य वाढतं का, सर?

माझ्या मामांना गावातल्या एका डॉक्टरनं महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. बार्शीला नेलं तेव्हा डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडावरच्या खोबणीत, हरभऱ्याएवढी टणक गाठ माझ्याच बोटाला लागली. जठरातला आजार तिथवर पोचला होता. तो कसा पोचतो हे लोकांना सांगणं तुम्हाला घाबरवणं वाटतं? भूक मेली, वजन उतरलं, तरी एंडोस्कोपी न करता गोळ्या खात बसण्याची भीती वाटायलाच हवी.

लांबी आणि आकृत्यांवर बोलायला मला वेळ नाही. हर-२ चा सविस्तर भाग पुढच्या आठवड्यात टाकतोय. त्यात चूक दिसली तर जरूर दाखवा, पण माझं गाव मध्ये न आणता.