मला हौदा हवाय, दिवाणखाना नको!

साधा, छोटा, परवडणारा पिकअप मागितला की अमेरिकेत आता गुन्हा केल्यासारखं बघतात. जो तो ट्रक चार दारांचा, बॉनेट माझ्या छातीपर्यंत! परवा टेप लावून मोजलं: मागचा सामानाचा हौदा जेमतेम साडेपाच फूट. आठ फुटी प्लायवूड ठेवू कुठे? जुना बघावा तर दोन लाख मैल पळालेला, चाकांवरचा पत्रा बोट लावलं की भुगा होतो, तरी मालक किंमत सोडत नाही. बाहेरून छोटे ट्रक आणावेत, तर १९६४ पासून आयातीवर २५ टक्के कर! भांडण युरोपशी, तेही त्यांनी अमेरिकेच्या कोंबड्यांवर लावलेल्या करावरून, आणि भुर्दंड साठ वर्षांनीही आम्हीच भरायचा? का म्हणून? मला माती, विटा, फळ्या वाहायच्यात हो. गरम होणाऱ्या सीट कोणी मागितल्या होत्या?