परराज्याचे तीन, गरिबाचे दोन

तुमचं कॉलेज कुण्या महाराजांनी दारोदार झोळी फिरवून उभं केलं असेल आणि फाटकावर 'दीनदुबळ्यांच्या लेकरांसाठी' असं कोरलेलं असेल, तर आधी तेवढ्या ओळीवर रंग मारून घ्या. रँकिंगमध्ये यायचंय ना? मग ऐका. मी परवाच आमच्या जुन्या कॉलेजात जाऊन सगळं शिकून आलोय.

पहिलं गणित. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी, २०१६ पासून यादी काढतं. त्यात शंभरातले दहा गुण सर्वसमावेशकतेचे. त्या दहात गरीब-मागास विद्यार्थ्यांच्या नावावर दोन. परराज्यातली, परदेशातली पोरं दाखवलीत तर तीन. आणि जाणकारांच्या मनात तुमच्याविषयी काय प्रतिमा आहे, तिला अख्खे दहा. म्हणजे सातपुड्यातल्या पोरांना पदवीपर्यंत न्यायच्या भानगडीपेक्षा चार बड्या माणसांना शाल-श्रीफळ देणं पाचपट फायद्याचं.

परराज्याच्या गुणांसाठी लांब जायला नको. शहाद्याच्या पुढे सीमा ओलांडली की खेतिया. मध्य प्रदेशच तो. टेम्पो भरून आणा.

प्राध्यापक भरू नका. तासावर पैसे घेणारे तासिकावाले आहेतच.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या परिषदेच्या, तपासणीवेळी कुंड्या भाड्यानं मिळतात. (मागच्या खेपेला एक क्रोटन परत न्यायचं राहून गेलं, कॉलेजातली हिरवळ ती तेवढीच.)

महाराजांची तसबीर प्राचार्यांच्या दालनातून हलवा. तिथं आयक्यूएसीचा, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा, फ्लेक्स बसतो.

माजी विद्यार्थ्यांना व्हॉट्सॲपवर पॅकेज विचारा. मला विचारलंय. शेती करतो म्हटल्यावर उत्तरच आलं नाही.

आता मुख्य मुद्दा, प्रवेश. परवा मी सातपुड्यातल्या धडगावकडच्या एका मुलीला घेऊन गेलो होतो. तिचे वडील पावसाळ्यात आमच्या शेतात असतात, दिवाळी झाली की कुटुंब घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला, होळीला परत. बारावी आश्रमशाळेतून, अठ्ठेचाळीस टक्के. मग एक वर्ष आईबापांसोबत कोयता. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ओढणीखाली, कारण पाऊस. क्लार्कनं गुणपत्रिका पाहिली, मुलीकडे पाहिलंच नाही. मला म्हणाला, "भाऊ, आते रँकिंगनं वरीस शे. टक्के कमी, वरून गॅप. तीन वर्षांत सुटली नाही तर आमचा आकडा पडतो. तिला मुक्त विद्यापीठात टाका ना."

मी म्हटलं, चार-पाच महिने गुजरातेत असते, तिला परराज्यात मोजा की! त्याला वाटलं मी खरंच सांगतोय. रेशनकार्ड कुठलं आहे, विचारलंन.

'जागा भरल्या' असंही मागून कुणीतरी म्हणालं. शेजारी बीए पहिल्या वर्षाचा वर्ग होता. मी डोकावलो. नऊ पोरं बसलेली, मागच्या बाकांवर कबुतरांची घाण. वडिलांनी एवढंच विचारलं, "फॉर्मचे पैसे परत मिळतील का?"

तर युक्ती लक्षात घ्या. कमी टक्क्यांची पोरं घ्यायची नाहीत, निकाल वर. ऊसतोडीवरून उशिरा येणारी घ्यायची नाहीत, पदवी वेळेत. शिकूनही जी अंगणवाडीत नाहीतर आश्रमशाळेत मानधनावर लागतात ती घ्यायची नाहीत, पगाराचा आकडा वर. इतकं चाळून जे चाळणीत उरतं ते तुमच्याकडे कशाला येईल? ते पुण्याला जातं. आणि विद्यापीठाला नाव कुणाचं? बहिणाबाईंचं. अक्षरओळख नसलेल्या बाईचं! त्या खिडकीशी आल्या असत्या तर त्यांनाही मुक्तचा रस्ता दाखवला असतात.

याच कॉलेजच्या वसतिगृहात मी तीन वर्षं फुकट जेवलोय. कळण्याची भाकरी, दाळ, गुरुवारी थोडा शिरा. त्या स्वयंपाकघरावर आता 'इन्क्युबेशन सेंटर' लिहिलंय आणि कुलूप आहे. कुलपाला गंज चढलाय. काय उबवताय आत?

बस झालं. मला हे उपरोधिक वगैरे जमत नाही.

विश्वस्त मंडळी, तुम्हाला लाज वाटायला हवी. त्या झोळीत आमच्या आज्यांनी मूठमूठ दादर ज्वारी टाकली, ती देशात कितवा नंबर येतो हे बघायला नाही. आदिवासी विकासचं वसतिगृह भरलेलं, संध्याकाळची एसटी बंद, जात पडताळणीचे खेटे, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलचं तर नावच काढू नका. एवढं सगळं पार करून एक पोरगी तुमच्या खिडकीपर्यंत पोचते आणि तुम्ही तिला आकडा पडेल म्हणून हाकलता? यादीत तुम्ही येणार नाहीच, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिकडे एकेका संस्थेच्या प्रयोगशाळेचा खर्च तुमच्या दहा वर्षांच्या अनुदानाएवढा असतो. जे तुम्हाला करता येत होतं, जे त्यांच्यातल्या एकालाही धडगावच्या पोरीसाठी करता येणार नाही, ते सोडून कुणाच्या मागे धावताय?

तिचा अर्ज माझ्याकडे आहे. सोमवारी साडेदहाला आम्ही तिघं परत येतोय. त्या दिवशी क्लार्कला बसवू नका. अध्यक्षांनी स्वतः खिडकीत बसावं आणि नाही म्हणायचं असेल तर तिच्या बापाच्या तोंडावर म्हणावं.