मुळशीचं पाणी, वेल्सचा डोंगर

परवा फोनवर मावसभाऊ म्हणाला, "ताई, पणजोबांची भातखाचरं मुंबईच्या दिव्यांसाठी पाण्याखाली गेली. आता डोंगरावर आणखी एक तळं कशाला?" तो मुळशी तालुक्यात राहतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये उदंचन (म्हणजे पाणी वर चढवून साठवणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पांचं धोरण आणलं, कंपन्यांशी करार झाले, आणि सह्याद्रीच्या गावागावांत हाच प्रश्न उभा राहिला. त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. मी राहते उत्तर वेल्समध्ये, आणि इथून जवळच एका डोंगराच्या पोटात असंच वीजकेंद्र आहे.

डिनॉरविग त्याचं नाव. १९८४ मध्ये सुरू झालं, क्षमता सुमारे १,७०० मेगावॉट. विजेला मागणी नसते तेव्हा खालच्या तळ्यातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी उसळली की तेच पाणी खाली सोडायचं. यंत्रं फिरती ठेवलेली असली, तर १६ सेकंदांत पूर्ण वीज ग्रिडला मिळते. एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं, की तोल सावरतो तो हा डोंगर.

"पण पाणी चढवायला लागते त्याहून कमीच वीज परत मिळते ना?" भावाने विचारलं. खरं आहे. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तरच्या आसपास हाती येतात. पण भर दुपारी सौरऊर्जेला गिऱ्हाईक नसलं तर ते शंभरही वाया जातात, आणि दिवेलागणीला सूर्य नसतो. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवायची किंमत म्हणजे ते पंचवीस युनिट. मला ती परवडणारी वाटते. बॅटऱ्याही हव्यातच, पण सहा-आठ तास पुरेल इतका मोठा साठा पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचा तर डोंगर आणि पाणी यांची जोडी अजून भक्कम आहे. हे आपल्याला नवंही नाही. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे आणि मुळशीचं पाणी जिथे उतरतं त्या भिऱ्यालाही १५० मेगावॉटचा असा संच आहे.

म्हणजे मी या प्रकल्पांच्या बाजूची आहे. तरीही भावाचा राग मला चुकीचा वाटत नाही, आणि हे मला वेल्सनेच शिकवलं. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये इथलं कापेल केलिन हे गाव बुडवलं. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली ती २००५ साली. सेनापती बापटांचा धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह १९२१ चा. कोयनेचे धरणग्रस्त तर अजून पुनर्वसनासाठी रस्त्यावर उतरतात.

डिनॉरविगसाठी मात्र जागा निवडली ती १९६९ मध्ये बंद पडलेली पाटीच्या दगडाची खाण. डोंगर आधीच फोडलेला होता. शेजारी राष्ट्रीय उद्यान, म्हणून सगळी यंत्रसामग्री आत बोगद्यांत नेली आणि वीजवाहिन्याही काही मैल जमिनीखालून टाकल्या. खर्च वाढला, पण तो केला. आपल्याकडे सड्यावरचं कोरं रान किंवा देवराई निवडण्याआधी बंद खाणी आणि तयार धरणं का बघू नयेत? पाणी तेच वरखाली होतं हे खरं, पण पहिल्यांदा तळं भरायचं पाणी आणि दर उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणी कुणाच्या तरी वाट्यातूनच येणार.

भावाला म्हटलं, गावात कंपनीची माणसं आली की हेच विचार: पहिली भरती कुठल्या महिन्यात, कुठल्या धरणातून? तारा कुणाच्या शेतावरून जाणार? वाटेतल्या वाड्यांना संध्याकाळी वीज मिळणार का?

तो म्हणाला, "विचारतो. पण मुळशीचं आधी विचारणार."